आधार कार्डाचा कप्पा राहिला की!

चोरांपासून सुरक्षित बायकांची बॅग कशी निवडावी या तुमच्या लेखात आरएफआयडी अस्तराचं (म्हणजे कार्डाची चिप दुरून वाचू न देणाऱ्या आतल्या कापडाचं) एवढं कौतुक केलंय, पण आमच्या बेळगावच्या गणपत गल्लीत किंवा सौंदत्तीच्या यात्रेत चोर कार्डाची चिप वाचत बसत नाही हो. सरळ चेन उघडतो, नाहीतर पट्टा कापतो. तेव्हा आधी पट्ट्यात तार आहे का, चेनचा रनर हुकात अडकवून ठेवता येतो का ते बघा. शिवाय इकडे कर्नाटकात २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना साध्या सरकारी बस फुकट, पण कंडक्टरला ओळखपत्र दाखवावं लागतं. दर वेळी मोठा कप्पा उघडला की पैसे, मोबाईल सगळं गर्दीसमोर! आधारसाठी मागच्या बाजूला, अंगाला टेकणारा छोटा कप्पा हवाच. पट्टाही कमी-जास्त होणारा घ्या, साडीवर आणि ड्रेसवर बॅग सारखी बसत नाही.