उबर करायची ना!

आज सकाळी इथल्या मराठी ग्रुपवर कुणीतरी बिचकत विचारलं, "लिमिटेड लायसन्सचा अर्ज कसा करतात? कुणी केलाय का?" इथे न्यूझीलंडमध्ये गाडी चालवायला बंदी असताना कोर्ट कामापुरती चालवू देतं, ते हे लायसन्स. तासाभरात उत्तरं हजर. "आधी प्यायचीच कशाला?" "सहा महिने बसने फिरा, तब्येतीला बरं." आणि एका ऑकलंडकर दादांचं, मागे चार हसरे चेहरे लावून: "उबर करायची ना!"

दादा, मी न्यूझीलंडच्या पार खालच्या टोकाला राहते, साउथलंडमध्ये, विंटनला. इथून डिप्टनच्या बाजूला पहाटे पावणेचारला उबर मिळवून दाखवा, मी तुम्हाला पुरणपोळ्या पोस्टाने पाठवते.

हे मला का झोंबलं ते सांगते. आमचे दाजी डिप्टनजवळ एका डेअरी फार्मवर कामाला आहेत. मागच्या मे महिन्यात सीझन संपला म्हणून फार्मवर पार्टी झाली. चार बिअर झाल्या, "मला काही झालेलं नाही" झालं, आणि घरी येताना पोलिसांनी फुंकायला लावलं. 430. इथे श्वासातल्या दारूची मर्यादा लिटरला 250 मायक्रोग्रॅम. 400 पर्यंत 200 डॉलर दंड आणि 50 डीमेरिट पॉइंट्सवर (लायसन्सवर जमणारे दोषाचे गुण) सुटका होते, त्याच्या वर गेलं की कोर्ट. कोर्टात कमीत कमी सहा महिने बंदी ठरलेली, तेवढीच झाली. शिवाय दंड.

चूक त्यांचीच. समोरून कुणाचं लेकरू येत असतं तर ही पोस्ट मी लिहिली नसती, हेही कबूल. झालं? आता पुढचं ऐका.

बंदी लागली ऑगस्टच्या सुरुवातीला, म्हणजे ऐन काल्विंगमध्ये. शेकडो गाई एकदम व्यायला लागतात, माणसाला जेवायला उसंत नसते, आणि पहिलं दूध साडेचारला. ताईचं बाळ तेव्हा तीन महिन्यांचं, तिला गाडी येत नाही. घरात लायसन्सवालं माणूस उरलं एकच. मी. पहाटे दाजींना 30 किलोमीटर सोडायचं, परत यायचं, सातला रेस्ट होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, माझी शिफ्ट, संध्याकाळी पुन्हा आणायला. रोजचे 120 किलोमीटर. गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडून निघायचं, डॅशबोर्डवर उणे तीन, रस्त्यावर न दिसणारा बर्फ, आणि शेजारी दाजी मांडीवर डबा घेऊन गप्प.

याच माणसाने मला गाडी शिकवली आहे. इस्लामपूरला, उसाच्या फडामागच्या रस्त्यावर, जुन्या जीपवर. "मेहुणबाई, क्लच सोडा सावकाश, म्हैस नाही ती लाथ मारायला." आणि आता तोच माणूस फार्मच्या फाट्यावर म्हणायचा, "इथंच थांबवा, आत चालत जातो. तुम्हाला उशीर होतोय." आत म्हणजे दीड किलोमीटर, अंधारात.

आता त्या लिमिटेड लायसन्सबद्दल, कारण ज्याने विचारलं त्याला ग्रुपवर एकानेही धड सांगितलं नाही. दारूच्या केसमध्ये बंदी लागल्यापासून पहिले 28 दिवस ते मिळतच नाही. मग डिस्ट्रिक्ट कोर्टात अर्ज. तुमचं प्रतिज्ञापत्र, मालकाचं प्रतिज्ञापत्र, कुठल्या दिवशी, किती ते किती वाजता, कुठल्या रस्त्याने, कुठल्या नंबरच्या गाडीतून जाणार ते सगळं. पोलिसांना प्रत द्यायची, ते विरोध करू शकतात. आणि सिद्ध काय करायचं? लायसन्स नसल्याने तुमचे स्वतःचे अतोनात हाल होताहेत, किंवा दुसऱ्या कुणाला विनाकारण त्रास होतोय.

तो दुसरा कुणी म्हणजे मी.

वकील म्हणाला, तुम्हीही एक प्रतिज्ञापत्र द्या, केस मजबूत होईल. बसले लिहायला. किती वाजता उठते, किती झोपते, एकदा शिफ्टवर डुलकी लागली तेही. सगळं खरं होतं. पण "दाजींमुळे मला त्रास होतो" अशा अर्थाचं वाक्य शपथेवर लिहायचं म्हटल्यावर हात चालेना. बाजूच्या खोलीत ते बाळाला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होते. शेवटी लिहिलं. कागद वाचून ते एवढंच म्हणाले, "झोपेचं खरं आहे तुमच्या." आणि चहा करायला उठले. मला तेव्हा रडू आलं नाही, आत्ता टाइप करताना येतंय, काय करू.

तर ऑकलंडच्या दादांनो, तुम्हाला सहा महिने बंदी लागली तर तुम्ही ट्रेन धराल, वर्क फ्रॉम होम घ्याल. तीच बंदी डिप्टनला लागली की माणसाची नोकरी जाते. आमच्या गावाला एसटीची मुक्कामी गाडी तरी होती. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात झोपायचे आणि पहाटे गाव तालुक्याला निघायचं. इथे एवढा श्रीमंत देश, आणि त्या वेळेला रस्त्यावर मी आणि दुधाचा टँकर.

आणि ते 28 दिवस! शिक्षा जाणवली पाहिजे, मान्य. पण त्याच दिवसांत माणूस घसरतो. पहाटेचा रस्ता रिकामा, किल्ली खुंटीवर, कोण बघतंय? दाजींनी एकदा किल्ली हातात घेतलेली मी पाहिली आहे. मला ताप होता त्या दिवशी. पुन्हा खुंटीला लावली आणि बॉसला फोन करून सांगितलं, येऊ शकत नाही. काल्विंगमध्ये! बंदीत गाडी चालवताना सापडले असते तर लिमिटेड लायसन्सचं दारच बंद झालं असतं. ज्यांच्या घरात माझ्यासारखी बिनपगारी ड्रायव्हर नाही, त्यांनी काय करायचं?

भारतात असं कामापुरतं लायसन्स कायद्यातच नाही. गावाकडे बरेच जण तसेच चालवतात, तो भाग वेगळा. म्हणजे इथला कायदा त्या मानाने शहाणा, हे मला राग असूनही म्हणावं लागतंय. फक्त तो वकिलाला दीड हजार डॉलर मोजू शकणाऱ्यांसाठी जास्त शहाणा आहे.

45 व्या दिवशी ऑर्डर मिळाली. फक्त कामाचे दिवस, घर ते फार्म, एकच गाडी. दुकानातसुद्धा थांबायचं नाही. दाजी तो कागद घडी करून सन वायझरला लावायचे. बंदी उठून आता महिने झाले, बिअरला हात लावलेला नाही. त्याचं श्रेय कायद्याला द्यायचं की ताईच्या अबोल्याला, मला माहीत नाही.

ग्रुपवर विचारणाऱ्या भावा, तू कोण ते मला माहीत नाही, पण मेसेज कर. आमच्या अर्जाची प्रत आहे माझ्याकडे, नावं खोडून देते. तू राहतोस कुठे ते आधी सांग. आमच्या बाजूचा असशील आणि 28 दिवस काढायचे असतील, तर मी नाहीतरी साडेतीनलाच जागी असते. गजर कधीच काढून टाकला, तरी जाग येते. साडेचारच्या आत दाजींचा मेसेज येतो, "पोचलो", मग मी कूस बदलते.