मेनोपॉजमधला ‘मेन’ पुरुष नव्हे

एक संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. बायकांच्या सगळ्या दुखण्यांची सुरुवात पुरुषापासून होते, पुरावा हवा तर शब्दच बघा, असं तो सांगतो. मेन्स्ट्रुएशन (मासिक पाळी), मेनोपॉज (रजोनिवृत्ती) आणि मेंटल स्ट्रेसमध्ये ‘मेन’, हिस्टरेक्टमीत (गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया) ‘हिज’, गायनॅकॉलॉजीत ‘गाय’ म्हणजे इंग्रजी बोलीतला बाप्या, हिमोऱ्हॉइड्समध्ये (मूळव्याध) ‘हिम’ आणि हायमेनच्या (योनिमुखाशी असलेला पडदा) शेपटीला पुन्हा ‘मेन’. विनोद म्हणून ठीक आहे. पण हल्ली त्याला ‘पुरुष डॉक्टरांनी हे शब्द मुद्दाम असे पाडले’ अशी गंभीर पुरवणी जोडलेली असते. तिला उत्तर द्यायला हवं.

‘मेन्स्ट्रुएशन, मेनोपॉज: दोन्हींत मेन.’ ग्रीकमध्ये ‘मेन’ म्हणजे महिना आणि लॅटिनमध्ये महिन्याला ‘मेन्सिस’. संस्कृत ‘मास’ याच कुळातला, त्यामुळे आपली ‘मासिक पाळी’ आणि डॉक्टरांचे ‘मेन्सेस’ मुळात एकच गोष्ट सांगतात. इंग्रजी ‘मॅन’ जर्मानिक घराण्यातला आहे आणि जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ नुसता ‘माणूस’ असा होता. पुरुषासाठी ‘वेर’ हा वेगळा शब्द होता, तो आज वेअरवुल्फ, म्हणजे लांडगा होणारा माणूस, या शब्दात दिसतो.

मेनोपॉज हा शब्द तर ग्रीकांनी बनवलेलाही नाही. गार्दान या फ्रेंच डॉक्टरने १८१६ मध्ये ‘मेनेस्पोझी’ असं नाव वापरलं आणि १८२१ मध्ये ते आटोपशीर करून ‘मेनोपोझ’ केलं. मात्र त्याने घेतलेला ‘पाउसिस’ हा ग्रीक शब्द ‘थांबणं’ या अर्थाचा आहे, रिमोटवरच्या पॉज बटणासारखा तात्पुरता थांबा नव्हे. हा गैरसमज ‘मेन’पेक्षा जास्त महागात पडतो. गर्भारपण, औषधं असं दुसरं कारण नसताना सलग १२ महिने पाळी आली नाही, की शेवटच्या पाळीला रजोनिवृत्ती झाली असं मागाहून ठरतं. बहुतेकींच्या बाबतीत हे वय ४५ ते ५५ असतं. चाळिशीच्या आत पाळी थांबली तर तिला वय झालं म्हणून सोडून देत नाहीत, कारण शोधावं लागतं. आणि १२ महिने उलटल्यावर थोडंसं जरी रक्त गेलं, तरी ‘पाळी परत सुरू झाली’ असं समजून थांबायचं नाही. सोनोग्राफीत गर्भाशयाच्या अस्तराची जाडी ४ मिलिमीटरपेक्षा जास्त दिसली तर अस्तराचा नमुना तपासणीला घेतात. जाडी कमी असूनही रक्तस्राव होतच राहिला, तरी घेतात.

याच ‘मेन’वरून मेनार्की म्हणजे पहिली पाळी, डिसमेनोरिया म्हणजे दुखरी पाळी आणि अमेनोरिया म्हणजे पाळी न येणं. वयाच्या १५ व्या वर्षापर्यंत पाळी आलीच नाही किंवा नियमित येणारी पाळी ३ महिने आली नाही, तर अमेनोरिया समजून तपासणी सुरू होते.

‘मेंटल.’ हा ग्रीक नाहीच. लॅटिन ‘मेन्स’ म्हणजे मन, बुद्धी. संस्कृत ‘मति’ त्याचीच नातेवाईक.

‘हिस्टरेक्टमी म्हणजे हिज.’ मूळ शब्द ‘हिस्टेरा’, म्हणजे गर्भाशय. इंग्रजीत तो ‘वाय’ घालून लिहितात, कारण ग्रीकमध्ये तिथे उप्सिलॉन हे अक्षर आहे. ‘हिज’मध्ये ‘आय’ आहे. म्हणजे कोटी स्पेलिंगमध्येसुद्धा बसत नाही. पुढचं ‘एक्टमी’ म्हणजे कापून बाहेर काढणं. नुसतं ‘टोमी’ असेल तर फक्त छेद: सिझेरियनमध्ये गर्भाशयाला देतात ती हिस्टेरोटोमी, आणि तिथे गर्भाशय जागेवरच राहतं.

या शब्दात खरी गफलत ‘टोटल’ची होते. टोटल हिस्टरेक्टमी म्हणजे गर्भाशय आणि गर्भाशयमुख काढणं, ‘सगळं’ काढणं नव्हे. सबटोटलमध्ये मुख ठेवतात, म्हणून त्याच्या कर्करोगाची नियमित चाचणी पुढेही चालू ठेवावी लागते. बीजांडकोश काढले असतील तर ऊफोरेक्टमी आणि बीजवाहिन्या काढल्या असतील तर सॅल्पिंगेक्टमी असं वेगळं लिहिलेलं असतं. बीजांडकोश शाबूत असतील तर पाळी थांबते, पण हार्मोन्स चालू राहतात. दोन्ही काढले तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी सुरू होते, मग वय ३८ का असेना. ‘पिशवी काढली’ एवढंच सांगणाऱ्या बाईला पुढचे उपचार नीट मिळत नाहीत ते यामुळेच. डिस्चार्ज कार्डावरचं शस्त्रक्रियेचं पूर्ण नाव जपून ठेवावं.

‘गायनॅकॉलॉजी, हिमोऱ्हॉइड्स.’ ‘गुने’ म्हणजे स्त्री, षष्ठीत ‘गुनाइकोस’. वेदांतला ‘जनि’ आणि इंग्रजीतला ‘क्वीन’ हे त्याचेच नातलग. बाप्या या अर्थाचा ‘गाय’ आला तो १६०५ च्या लंडनमधल्या दारूगोळा कटातल्या गाय फॉक्सच्या नावावरून. हिमोऱ्हॉइड्समधलं ‘हिमो’ म्हणजे रक्त. मूळव्याध बायका-पुरुष दोघांनाही होते. आणि त्याच ‘हिमो’ने सुरू होणारा हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार, मुख्यतः पुरुषांना होतो, हे संदेश लिहिणाऱ्याच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

‘हायमेन.’ ग्रीकमध्ये हा कुठल्याही पातळ पडद्याचा शब्द. मधमाश्या-मुंग्यांच्या गणाला पातळ पंखांमुळेच हायमेनोप्टेरा म्हणतात. योनिमुखाशी असलेल्या या पडद्याचा आकार मुळातच प्रत्येकीत वेगळा असतो आणि त्यावरून लैंगिक संबंध आला की नाही ते सांगता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये कौमार्य चाचणी बंद करा असं सांगितलं ते याच कारणाने.

गंमत म्हणजे तक्रार करण्याजोगा शब्द या यादीत नाहीच. तो आहे त्याच ‘हिस्टेरा’वरून आलेला हिस्टेरिया, म्हणजे बायकांच्या झटक्यांना आणि भावनिक उद्रेकांना पूर्वी दिलं जाणारं निदान. त्यावरचा नेहमीचा दावा, की प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसने या आजाराला नाव दिलं, तोही अर्धवट. त्याच्या नावावरच्या ग्रंथांत गर्भाशयामुळे गुदमरण्याचं वर्णन आहे. हिस्टेरिया नावाचा स्वतंत्र आजार नंतरच्या वैद्यांनी उभा केला. गर्भाशय शरीरात भटकतं ही कल्पना इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात सोरानस या ग्रीक वैद्याने खोडून काढली होती. तरी अमेरिकेच्या मनोविकार वर्गीकरणातून हिस्टेरियाचं निदान जायला १९८० उजाडावं लागलं.

आणि बाईच्या शरीरात पुरुषांची नावं शोधायचीच असतील तर ती अजिबात लपलेली नाहीत. फॅलोपियन ट्यूब (बीजवाहिनी) इटलीच्या फालोपिओची, ग्राफियन फॉलिकल (बीजांडकोशातला, आत स्त्रीबीज असलेला फुगवटा) डच डॉक्टर द ग्राफचं, बार्थोलिन ग्रंथी (योनिमुखाजवळच्या) डेन्मार्कच्या बार्थोलिनच्या. यातल्या द ग्राफला तर तो अख्खा फुगवटाच स्त्रीबीज वाटला होता. आतलं खरं बीज फॉन बेअरने दाखवलं १८२७ मध्ये. फुगवट्याचं नाव मात्र द ग्राफचंच राहिलं.