छातीत लागला का, साहेब?

स्पीकर घ्यायला निघालेल्या माणसाला ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ चुकत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या कुठल्याही दुकानात शिरा. ‘बसा साहेब, एक गाणं लावतो’ असं म्हटलं की कुठलं ते विचारायची गरजच नसते. तेही १९७६ सालचं मूळचं नव्हे. ईगल्स या अमेरिकन रॉक बँडने १९९४ मध्ये पुन्हा एकत्र येऊन वाजवलं ते. ‘हेल फ्रीझेस ओव्हर’ या अल्बममधला सहावा ट्रॅक.

आधी डॉन फेल्डरची नायलॉनच्या तारांची गिटार, स्पॅनिश थाटात, कसलीही घाई नसल्यासारखी. मग ओळखीचे सूर आले की टाळ्या, शिट्ट्या. आणि मधेच तो पोटातून येणारा धम्. दुकानदार त्या धम्ची वाट बघत असतो आणि मी दुकानदाराच्या भुवयांची. धम् झाला की त्या वर जातात.

‘छातीत लागला का, साहेब?’

‘लागला.’

लगेच गाणं बंद. ‘आता हा ऐका. यात आठ इंची वूफर आहे.’ की पुन्हा पहिल्यापासून गिटार. हे रेकॉर्ड झालं त्या रात्री अमेरिकेत बरबँकच्या स्टुडिओत टाळ्या पिटणारी माणसं आमच्या कृपेने अजून पिटतायत.

सोबत दाजी होते. त्यांना साउंडमधलं कळतं, असं ताईचं म्हणणं. प्रत्येक धम्नंतर ते डोळे मिटून ‘मिड्स जरा मागे आहेत’ एवढंच म्हणायचे. दुकानदारही मान डोलवायचा आणि आणखी महागडी जोडी दाखवायचा. एका अख्ख्या गाण्याचं असं कलिंगड झालंय. टिचकी मारायची, आवाज ऐकायचा, पुढचं उचलायचं.

मला हळहळ वाटते ती बँडमधल्या त्या पाच जणांची. १९८० मध्ये लाँग बीचच्या कार्यक्रमात ग्लेन फ्राय आणि फेल्डर स्टेजवरच, दोन गाण्यांच्या मधे, ‘एवढी गाणी संपू दे, मग बघतो तुला’ अशा थाटात एकमेकांना दम देत होते आणि माइकसमोर आले की तेच गोड गळ्याने कोरस धरत होते. बँड मोडला. पुन्हा एकत्र कधी येणार, असं विचारलं की हे गाणं गाणारा डॉन हेनली म्हणायचा, नरक गोठेल तेव्हा, म्हणजे कधीच नाही. चौदा वर्षांनी गोठला, तर तेच अल्बमचं नाव. फ्रायने तर प्रेक्षकांना सांगून टाकलं, आम्ही फुटलोच नव्हतो, चौदा वर्षांच्या सुट्टीवर गेलो होतो. (आमच्या भाऊबंदकीत बांधावरून चाललेल्या तारखांना सुट्टी म्हणायचं कुणाला सुचलं नाही. अर्थात २००१ मध्ये फेल्डरला बँडमधून काढलं, तेव्हा तारखा तिकडेही लागल्याच.)

इतकी भांडणं गिळून माणसं एकत्र बसली, चार नवी गाणी स्टुडिओत केली, अकरा जुनी लोकांसमोर वाजवली, आणि त्या सगळ्यातून आपण काय उचललं, तर एक धम्! हेनली तोंड उघडेपर्यंत दोनेक मिनिटं जातात. तेवढा दम ना दुकानदाराला, ना दाजींना. परवा एका मित्राकडे नवा ॲम्प्लिफायर बघायला गेलो, तर तिथेही हेनलीच्या आधी पोहे आले आणि गाणं बंद झालं. गरम आहेत तोवर खा म्हणे.

शेवटच्या दुकानात मी धीर केला. म्हटलं, ‘भाऊ, बंद नका करू. पुढे गाणंही आहे, ते ऐकायचंय.’

दुकानदाराने दाजींकडे पाहिलं. दाजींनी ‘आमच्याकडे असंच आहे’ अशा चेहऱ्याने खांदे उडवले. गिटार झाली, टाळ्या झाल्या, धम् झाला. आता हेनली येणार म्हणून मी खुर्चीत सावरून बसलो, तोच खट्कन पुन्हा गिटार.

‘हे काय?’

‘पेनड्राइव्हवर एवढंच आहे, साहेब. पुढचं मीच कापलं. गाणं सुरू झालं की गिऱ्हाईक किंमत विचारायचं विसरतं.’