बर्लिनचं भाडं, गिरगावची पावती

बाणेरला राहणारा माझा भाचा पाच वर्षांत तीन घरं फिरला. अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट संपत आलं की मालकाचा फोन येतो. कधी 'मुलगा अमेरिकेहून परत येतोय', कधी सरळ 'भाडं वाढवा'. सध्या त्यांच्या घरी फ्लॅट घ्यायचा की नाही यावर रोज वाजतंय. 'भाडं म्हणजे पाण्यात घातलेले पैसे' हे भावजींचं ठाम मत. त्यावर भाचा मला पुढे करतो: "बर्लिनमध्ये मावशी नाही का राहत भाड्याने? तिथे तर सगळेच राहतात."

राहतात खरे. शंभरातली ऐंशीहून जास्त घरं इथे भाड्याचीच. माझ्या करारावर शेवटची तारीखच नाही. मालकाला स्वतः राहायला यायचं असेल, तर लेखी कारण आणि काही महिन्यांची मुदत द्यावी लागते. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या भाड्याएवढं. आणि २०१५पासून ज्याने दलाल नेमला, त्यानेच त्याचे पैसे द्यायचे.

पण हे सगळं सुख दाराच्या आतलं. नव्याने आलेल्या एका मैत्रिणीबरोबर मी बर्लिनच्या नॉयकोल्न भागात घर बघायला गेले होते. रांग तिसऱ्या मजल्यापासून जिना उतरून फुटपाथवर आलेली. प्रत्येकाच्या हातात फाइल: तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, पत चांगली असल्याचा दाखला, भाडं थकलेलं नाही असं जुन्या मालकाचं पत्र. स्वयंपाकघरात भिंतीतून बाहेर आलेला एक पाइप आणि छताला लोंबणारी वायर, बस. ओटा, सिंक, कपाटं आधीचा भाडेकरू उचलून घेऊन गेलेला. (इथे तशी रीतच आहे. आईला हे अजून पटत नाही.) घर अर्थातच मिळालं नाही. शेवटी तिने वर्षभरापुरतं फर्निश्ड घर घेतलं, दामदुप्पट भाड्याने. भाडेनियंत्रणातून निसटायला मालकांची ही लाडकी वाट.

आणि माझ्या खालच्या मजल्यावरच्या आजी तीन खोल्यांत एकट्या. त्यांना लहान घर हवंय, पण नव्या कराराने एक खोली घेतली तरी आत्तापेक्षा जास्त भाडं पडेल. म्हणून त्या हलत नाहीत.

मला गिरगावातली आत्याची पागडीची खोली आठवते (सुरुवातीला एकरकमी पैसे द्यायचे आणि मग नाममात्र भाड्यात कायमचं राहायचं, ती पागडी). १९४७च्या कायद्याने मुंबईतली भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली, ती पुढे कित्येक दशकं तशीच राहिली. आत्याच्या भाडेपावतीवरच्या रकमेत मालकाला रंगाचा डबाही आला नसता, मग गॅलरीला लाकडी टेकू लागले. आत्या मजेत होती. तिच्या मुलाला मात्र लग्न झाल्यावर डोंबिवली गाठावी लागली. त्या पागडीची धास्ती घरमालकांच्या मनातून गेलीच नाही, म्हणून तर आज भाच्याच्या हातात राहण्याचा अकरा महिन्यांचा परवाना आहे, भाडेकरूचा हक्क नाही.

बर्लिननेही २०२०मध्ये भाडी गोठवून पाहिली. पुढच्याच वर्षी जर्मनीच्या घटना न्यायालयाने तो कायदा रद्द केला, हा अधिकार राज्याचा नाही म्हणून (बर्लिन शहरही आहे आणि राज्यही). त्याच वर्षी सार्वमतात निम्म्याहून जास्त लोकांनी बड्या कंपन्यांची घरं सरकारजमा करा असा कौल दिला. घरं अजून कंपन्यांकडेच आहेत.

मला यातलं सगळ्यात झोंबतं ते वेगळंच. २००४मध्ये तिजोरीत खडखडाट होता म्हणून बर्लिनने आपल्याच मालकीची सुमारे ६५,००० घरं सुमारे ४० कोटी युरोंत विकून टाकली. २०२१मध्ये जेमतेम १५,००० घरं परत घ्यायला सुमारे २४६ कोटी मोजले. मुंबईला तर विकावंही लागलं नाही. गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश वाटा म्हाडाला, असा १९९१चा नियम होता. २००१मध्ये त्यात 'फक्त मोकळी जागा' एवढं घुसवलं, म्हणजे गिरणीच्या इमारतींखालची जमीन हिशेबातून गेली, आणि तो वाटा आटला. तेव्हा बर्लिनकडून घ्यायचंच तर गोठवलेलं भाडं नको, आपण ते करून बसलोय. तारीख नसलेला करार घ्या. आणि शहराने हातातली जमीन सोडू नये.

हे सगळं मी भाच्याला फोनवर ऐकवलं. तो म्हणाला, "मावशी, ते ठीक आहे गं, पण पुढच्या महिन्यात अ‍ॅग्रीमेंट संपतंय."

मी विचारलं, "दलाली कोण देतं?"

"मीच. दर वेळी."