नेट बंद केलं की दंगल थांबते काय?

"नेट बंद, अफवा बंद. सरळ हिशोब हाय," असं जाधवकाका म्हणाले आणि तिथून जी जुंपली ती चहाच्या तिसऱ्या राउंडपर्यंत चालली. काका पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेत. त्यामुळं बंदोबस्ताचा विषय निघाला की शेवटचा शब्द आपलाच, असं ते धरून चालतात.

कोल्हापूरच्या कट्ट्यावर हा विषय निघाला की गाडी ७ जून २०२३ वर येतेच. काही पोरांनी मोबाइलवर वादग्रस्त स्टेटस ठेवले, बंदची हाक दिली गेली, शिवाजी चौकात जमाव जमला, दगडफेक झाली, लाठ्या चालल्या, अश्रुधूर सोडला आणि नेट गेलं.

"स्टेटस ठेवणारी पोरं किती? बोटावर मोजण्याएवढी. जमाव केवढा? मग एवढ्यांना बोलावलं कुणी? फोननंच की," काका म्हणाले.

इरफानचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. तो म्हणाला, "पण काका, आधी दगड पडले, मग नेट गेलं. पेटवणाऱ्यांचं काम झालेलं होतं. नंतर आम्ही घरात बसून एकमेकांना फोन लावत होतो, की बाबा तुझ्या गल्लीत काय चाललंय. खरं काय ते कळायला मार्गच नव्हता. दुसऱ्या दिवशी पेठेत नळाला पाणी जरी आलं नसतं, तरी लोक म्हणाले असते की त्यांनीच तोडलं."

यावर काकांनी राईनपाडा काढलं. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात, १ जुलै २०१८, आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागायला आलेली नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे व्हिडिओ त्या उन्हाळ्यात फोनाफोनांतून फिरत होते. ग्रामपंचायतीच्या खोलीत पाचही जणांना जमावानं ठेचून मारलं.

"त्या व्हिडिओतला एक तर कराचीतला होता," प्राजक्ता म्हणाली. "मुलांच्या सुरक्षेची जाहिरात. शेवटी मोटरसायकलवाला पोराला परत आणून सोडतो आणि फलक दाखवतो. तेवढाच तुकडा कुणीतरी कापून टाकला."

"म्हणजे माझंच बरोबर. तो तुकडा फिरलाच नसता तर?"

हा मुद्दा खोडणं अवघड होतं, आणि काही वेळ कुणी खोडलाही नाही. व्हॉट्सअॅपनं त्याच जुलैत भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढं पाठवायची मर्यादा घातली. ते मला नेट बंद करण्यापेक्षा जास्त शहाणपणाचं वाटतं. अफवेचा वेग कमी होतो, आणि ॲम्ब्युलन्स बोलावणाऱ्याचा फोन चालू राहतो. पण ती अक्कल पाच माणसं गेल्यावर आली, हेही खरंच.

प्राजक्ता कोर्टात वकिली करते. तिनं मणिपूर काढलं. ३ मे २०२३ ला हिंसा भडकली आणि नेट बंद झालं. त्याच दिवसांत दिल्लीतल्या एका खुनाचा जुना फोटो मणिपूरच्या मुलीचा म्हणून फिरला. ४ मे रोजी कुकी जमातीच्या दोन बायकांची विवस्त्र धिंड काढली. तिचा व्हिडिओ देशानं पाहिला १९ जुलैला. पंतप्रधान बोलले, कोर्टानं दखल घेतली, अटका सुरू झाल्या ते त्यानंतर.

"एफआयआर मे महिन्यातच नोंदला होता की नाही? मग अडीच महिने कोण हललं?" ती म्हणाली. "खोटा फोटो निसटला, खरा व्हिडिओ अडकला. ह्याला शांतता म्हणायचं?"

"आणि तो ५ मेला आला असता तर आणखी दहा गावं जळाली असती," काका ताडकन म्हणाले.

"जळालीही असती. पण हे ठरवणाऱ्यानं कारण कागदावर लिहून सही करायला नको? काश्मीरमधल्या नेटबंदीच्या केसमध्ये, पत्रकार अनुराधा भसीन यांच्या, १० जानेवारी २०२० ला सुप्रीम कोर्टानं हेच सांगितलं. आदेश जाहीर करा, बेमुदत बंदी चालणार नाही, ठरावीक काळानं फेरविचार करा. तरी तिथं फोर-जी यायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. ऑगस्ट २०१९ पासून दीड वर्ष! पोरांनी टू-जीवर शाळा केली."

"कागद रंगवायला वेळ असतो काय तेव्हा?" काका म्हणाले. "चौकात उभं राहून बघ एकदा."

मला काकांचा राग येत नाही. दगड ज्याच्या हेल्मेटवर पडतो त्याला नेट बंद करायचं बटण हवंच असणार. पण बटण सोपं असलं की बाकीची कामं मागं पडतात, आणि खरी गोम तिथंच आहे. म्हणून मी भिवंडीचं नाव काढलं.

१९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेलं गाव. १९८८ ला सुरेश खोपडे तिथं पोलीस उपायुक्त म्हणून गेले आणि त्यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. पुढाऱ्यांना दूर ठेवून गल्लीतली दोन्हीकडची साधी माणसं बसवली, बरोबर त्या भागातला पोलीस. नळावरची भांडणं, घरगुती कटकटी तिथंच मिटवायच्या. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत ९०० माणसं मेली. शेजारची भिवंडी शांत राहिली. मोबाइल तेव्हा नव्हताच, पण अफवा काय कमी होत्या? खरं-खोटं विचारायला ओळखीचा पोलीस होता, एवढंच.

"झकास," इरफान म्हणाला. "आमच्या गल्लीचा बीट अंमलदार कोण, हे मला आजही माहीत नाही."

"व्हय, आणि त्यालाबी तू माहीत न्हाईस," काका म्हणाले. मग जरा खालच्या पट्टीत, "शांतता समितीच्या किती मीटिंगांना मी उभा होतो. सणाच्या आधी आठ दिवस. तीच पाच माणसं, तोच चहा, तेच फोटो. खोपडे साहेबांसारखं करायला वर्षं लागतात बाबा. साहेबाची बदली दोन-तीन वर्षांत होते. नवा साहेब आला की पहिल्या दिवसापासून सुरू. त्याला मोहल्ला कधी कळणार? बटण मात्र पहिल्याच दिवशी हातात असतं."

"मग मघापासून तुम्ही कुणाच्या बाजूनं भांडताय?" प्राजक्तानं विचारलं.

"बंदोबस्ताच्या," काका म्हणाले, आणि चहाचे पैसे इरफाननं द्यावेत असं जाहीर केलं.