इंजिन नाही म्हणून पासिंग नाही? खुलासा

आपल्या इंदूरच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘कारमागे ओढायचा कॅम्पर (झोपण्या-राहण्याची सोय असलेला ट्रेलर) घरीच बनवा. त्याला इंजिन नसतं, म्हणून नोंदणी नको, विमाही नको.’ हे चूक आहे.

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 2 मध्ये ‘मोटार वाहन’ या शब्दाच्या व्याख्येतच ट्रेलर धरलेला आहे. बैलगाडीला इंजिन नाही म्हणून नोंदणी नाही, हा न्याय इथे चालत नाही. त्यामुळे कलम 39 प्रमाणे नोंदणी आणि कलम 146 प्रमाणे थर्ड पार्टी विमा लागतोच. ट्रेलरला स्वतःचा नंबर असतो. शिवाय ओढणाऱ्या गाडीचा नंबरही त्याच्या मागे लिहावा लागतो. ट्रॅक्टर-ट्रॉली नीट पाहिली असेल त्याला हे नवं नाही.

‘वेल्डिंग पक्कं आहे’ हेही उत्तर नव्हे. हुक, ब्रेक, मागचे दिवे, रिफ्लेक्टर, वजन हे सगळं तपासलं जातं. मांडूच्या घाटात भरलेला ट्रेलर कारला मागून ढकलू लागला की वेल्डिंगचं कौतुक कोण करणार? लोहामंडीतून पत्रा उचलण्याआधी कॅम्परचा नकाशा घेऊन आरटीओत जा. आधी सांगाडा आणि मग परवानगी हा क्रम महागात पडतो.