मित्राची नवी गाडी आणि वेल्ह्याचा ओढा

हीरोची नवी एक्सपल्स २१०, म्हणजे मातीत-दगडात घालायची मोटरसायकल, अखेर चालवली. शोरूमची टेस्ट राइड नव्हे. त्या प्रकाराला मी केव्हाच कंटाळलोय. मागे सेल्सवाला पोरगा बसतो, चौकापर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. मातीत घालायची गाडी अर्धा किलोमीटर डांबरावर फिरवून काय डोंबल कळणार? आमच्या ग्रुपमधल्या एकाने दिवाळीत घेतली आणि परवा रविवारी भल्या पहाटे खडकवासल्याला चहाच्या टपरीवर किल्ली माझ्या हातात ठेवली. "घे. पण पाडू नकोस."

माझी स्वतःची जुनी एक्सपल्स २०० आहे, चार व्हॉल्व्हवाली. चार वर्षं झाली. तेव्हा खाली जे काही लिहितोय ते त्याच मापाने मोजलेलं आहे, हे धरून चाला.

पानशेतपर्यंतच्या डांबराबद्दल फार बोलत नाही. माझीला गिअर पाच, हिला सहा. ऐंशीच्या पुढे गेलं की माझा डावा पाय चार वर्षं नसलेला सहावा गिअर शोधतोय, इथे तो सापडला. ताकद १९ च्या जागी २४.६ पीएस (अश्वशक्ती) आली आणि इंजिन लिक्विड-कूल्ड, म्हणजे कूलंटने थंड होणारं झालं. हायवेला ज्यांचा जीव जुन्या गाडीवर मेटाकुटीला यायचा, त्यांचं काम झालं.

कादवे घाट ओलांडून वेल्ह्याच्या अंगाला उतरलो. समोर तोरणा. रस्ता सोडून एका वाडीकडे जाणारी बैलगाडीची वाट धरली. भात कापून झालेलं, खाचरांत पेंढ्या रचलेल्या, वाटेवर सुटा मुरूम आणि मध्ये मध्ये डोक्याएवढे गोटे. इथे मात्र मी गप्प झालो. सस्पेन्शनचा प्रवास, म्हणजे चाक वर-खाली जितकं हलू शकतं ते अंतर, पुढे २१० मिमी, मागे २०५. माझीचा १९० आणि १७०. मागचे हे ३५ मिमी कागदावर काहीच वाटत नाहीत, कंबरेला लगेच कळतात. असल्या गोट्यावर माझ्या गाडीचं मागचं चाक आदळलं की दातावर दात वाजतो. इथे पेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) उभा होतो, गुडघे सैल, आणि खाली चाक आपलं वर-खाली होत निमूट चाललेलं. हातातल्या हँडलला पत्ताच नाही.

इंजिनाबद्दल मात्र माझं मत जरा वेगळं आहे. टॉर्क, म्हणजे इंजिनाचा ओढायचा जोर, २०.७ एनएम, पण तो पुरता मिळतो ७२५० आरपीएमला (मिनिटाला इंजिनाचे फेरे). जुनीचा १७.३५, तो ६५०० ला. म्हणजे जोर वाढला, पण माळ्यावर जाऊन बसला. चढावर दुसऱ्या गिअरात रेंगाळायला लागलो की ही म्हणते, पहिला टाक किंवा रेस दे. जुनी कण्हत-कुंथत का होईना, दुसऱ्यातच चढते. सवय झाली की चालून जाईल, पण ज्यांनी नुकतीच मातीत सुरुवात केलीय त्यांनी क्लचवरची दोन बोटं जागी ठेवावीत.

आणि हो, रॉस ब्रँच या रायडरने हीरोच्या गाडीवर २०२४ च्या डकार रॅलीत, म्हणजे वाळवंटातल्या त्या मोठ्या शर्यतीत, दुसरा नंबर काढला, हे खरं. ती ४५० रॅली. वेगळीच चीज. तिचं नाव घेऊन हिच्यावरून बांधावर उड्या मारू नका.

मग ओढा आला. घोटाभर पाणी, शेवाळलेले दगड. २१ इंची पुढचं चाक मस्त पार गेलं आणि मी नको तिथे खाली बघितलं. गाडी अडखळली, डावा पाय टेकवला तर खाली दगडच नाही, खड्डा. सीट ८३० मिमी, मी पाच फूट सहा इंच. गाडी अगदी सावकाश, म्हशीसारखी डाव्या कुशीवर पाण्यात बसली. मित्र माझी गाडी घेऊन बराच मागे.

इंजिन बंद केलं. गाडीकडे पाठ केली, ढुंगण सीटला लावलं, एक हात हँडलला, एक मागच्या कॅरिअरला, आणि पायांनी मागे रेटलं. पहिल्यांदा बूटच घसरले. दुसऱ्यांदा उठली. १६८ किलो, एकट्याने, वय वर्षं त्रेचाळीस.

माझ्या लेखी गाडी तिथे पास झाली. लोक विचारतात पीएस किती, स्क्रीन केवढी, ब्लूटूथ आहे का. पडल्यावर उचलणार कोण, हे कुणी विचारत नाही. रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४५० चे ४० पीएस मला आवडतात, लडाखला जायचं तर मी डोळे झाकून तीच नेईन. पण १९६ किलो त्या ओढ्यातून मी एकटा काढू शकलो नसतो, आणि तिथे मोबाइलला रेंज नव्हती.

एक आजोबा मात्र बांधावर बसून सगळं बघत होते.

"लागलं का?"

"नाही, आजोबा."

"किती ॲव्हरेज देती?"

सांगितलं, चाळीसच्या आसपास म्हणतात. त्यांनी मान हलवली. "आमची राजदूत व्हती. दोन कॅन दूध लावून ह्योच वढा, रोज दोनदा. तुमच्यावानी हुबं ऱ्हाऊन न्हाय, बसून."

घेणार का म्हणाल, तर यंदा नाही. बाजारात आली तेव्हा, २०२५ मध्ये, एक्स-शोरूम १.७६ लाखापासून पुढे होती. त्यापेक्षा जुनीचा मागचा शॉक बदलून अजून दोन पावसाळे काढेन. नव्याने घेणाऱ्याने मात्र थेट २१० घ्यावी, जुन्याच्या नादी लागू नये.

क्लच लिव्हर वाकला होता. मित्र खाली वाकून बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "पहिली मी पाडणार होतो रे." लिव्हरचे पैसे मी देतोय. येताना त्याने मला माझीच गाडी चालवायला दिली.